चौथा-पाचवा मणका

श्रीरंगनं सगळ्यांना सांगितलं, मणका.
चौथा आणि पाचवा, त्यांच्यामधली गादी.
इतक्या बारकाव्यानं सांगितलं
की ऐकताना माझीच कंबर दुखली.

खरं तर स्विंडनच्या त्या चक्रावणाऱ्या चौकात,
पाच छोटे गोल आणि मधला उलटा फिरणारा,
मी गाडी बंद करून उतरले होते.
मला रस्ता कळला होता. सगळेच रस्ते.
नोव्हेंबरची सकाळ, अंगात गाऊन, पायात श्रीरंगचे बूट,
आणि मी लॉऱ्यांना हातानं वाट दाखवत होते.
एकही चुकीची दाखवली नाही,
एवढं मात्र कुठंतरी लिहून ठेवा.

मग सात आठवडे.

त्या सात आठवड्यांत आमच्या दारी आले
डिंकाचे लाडू, दोनदा. महानारायण तेल.
कुळथाचं पिठलं, गरम, टॉवेलात गुंडाळलेलं.
करंबेळकरवहिनींकडून कमरेचा पट्टा, कोरा, लेबलासकट.
श्रीरंग डबे घासायचा,
रिकामा डबा परत करू नये म्हणून आत साखर घालायचा,
आणि वॉर्डात येऊन मला सगळं सांगायचा,
जणू माझ्या बारशाला काय काय आलं ते.

मी विचारलं, खरं सांगितलं असतंस तर?
म्हणाला, लाडू आले नसते.
कोटाची चेन वर-खाली केली त्यानं.
मग म्हणाला, ऊर्मीला कुणी खेळायला बोलावलं नसतं.

ऑफिसातल्या ग्रॅहमनं मात्र कागद वाचले होते.
तो आता माझ्याशी असा बोलतो
जसा आपण तडा गेलेल्या कपात चहा ओततो.
माझ्या टेबलावरची कात्री गेली.
कुणी नेली नाही म्हणे. नुसती गेली.

वेड पांघरून पेडगावला जातात, हे ऐकून होते.
मी पट्टा पांघरून
पेडगावहून परत आले.

संक्रांतीला चर्चच्या हॉलमध्ये हळदीकुंकू.
खुर्चीवरून उठताना ‘आई गं’ म्हणायचं मी विसरते,
श्रीरंग लांबूनच डोळे मोठे करतो.
आई गं, म्हणते मी, जरा उशिरा.
करंबेळकरवहिनी धावत उशी आणतात,
माझ्या पाठीमागं नीट बसवतात, 
आणि बसवता बसवता शेजारणीला म्हणतात,
वाचलंस ना त्या बसमधल्या बाईचं?
असल्यांना मोकळं सोडतातच कसं हे लोक?
उशी मऊ होती. खोटं कशाला बोलू.

मी कप विसळायच्या निमित्तानं आत गेले.
तिथं दमयंतीबाई दिघे, सत्तरीच्या, बाह्या वर सारून.
कितवा हो मणका तुमचा?
चौथा-पाचवा.
त्यांनी नळ जरा मोठा सोडला.
आमच्या ह्यांचाही मणकाच होता.
एकोणतीस वर्षं.

मी कप पुसत राहिले, तोच कप.

रात्री घेता का गोळी?
हो.
किती? आठशे?
सहाशे.
रक्त तपासता ना, दर तीन महिन्यांनी? टाळू नका.
नाही टाळत.
आणि पाणी प्या भरपूर. हे नाही प्यायचे.

बाहेर कुणीतरी तिळगूळ वाटत होतं,
गोड बोलायला सांगत होतं.
दमयंतीबाईंनी हातातला कप विसळला,
नळाखाली काठोकाठ भरला,
आणि मी तो पूर्ण पिईपर्यंत
तिथंच उभ्या राहिल्या,
दाराकडे पाठ करून.